अप्रेझलमध्ये सहकाऱ्यांनी दिलेले गुण: पगारवाढीला जोडावेत का?

आयसीयू_इन्चार्ज_इंदूर:
आमचं खासगी रुग्णालय, साठ खाटांचं. सहा बेडच्या आयसीयूत मी सिस्टर इन्चार्ज, हाताखाली अकरा जणी. यंदा अप्रेझलसाठी, म्हणजे कामाच्या मूल्यमापनासाठी, एचआरनं नवाच फॉर्म काढला. प्रत्येकीनं आयसीयूतल्याच पाच जणींना पाचपैकी गुण द्यायचे, सरासरी थेट पगारवाढीत. नाव लिहायचं नाही म्हणे, पण फॉर्म हातानं भरायचा! आणि गोळा करायचे मी. ड्रग चार्टवर रोज बघते ती अक्षरं, झोपेतही ओळखीन.

झालं काय, तर रामबागेत एका खोलीत राहणाऱ्या चौघींनी एकमेकींना पाचपैकी पाच दिले. आणि जिच्या भरवशावर मी रात्री घरी निवांत झोपते, तिची सरासरी दोन. पोटॅशियम क्लोराइडचं इन्फ्युजन असलं (शिरेतून पंपानं हळूहळू द्यायचं औषध, मात्रा चुकली तर जिवावर बेततं) की दुसरीनं तपासून सही केल्याशिवाय ती पंप सुरू करू देत नाही. ओव्हर घेताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट ताब्यात घेताना, प्रत्येक लाइन, प्रत्येक ड्रेनची नळी स्वतः बघते, मग जाणारीला पंधरा मिनिटं उशीर. एकीनं लिहिलंय, "दीदी टोकती बहुत है." माझ्या लेखी ही शाबासकी! एचआर म्हणतं, आकडे ते आकडे. सोमवारी बैठक आहे, काय मांडू?

क्वालिटीवाला:
ताई, एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाचं, पुस्तक घेऊन जा. अप्रेझलचे निकष आधी ठरलेले हवेत आणि रुजू होतानाच माणसाला ही पद्धत माहीत करून द्यायला हवी, असं त्यात आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर 2012 पासून डॉक्टरांच्या रिव्हॅलिडेशनसाठी (डॉक्टर अजून काम करायला योग्य आहे ना, याची ठरावीक काळानं होणारी तपासणी) पाच वर्षांतून निदान एकदा सहकाऱ्यांचं मत घेतात, पण ते त्या डॉक्टरला आपलं काम तपासून बघता यावं म्हणून. पगाराचा संबंध आला की खोल्यांची युती होणारच.

लॅबवाला:
आम्हालाही विचारा की! सॅम्पलवर लेबल बेडपाशीच कोण लावतं, क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे तपासणीतला धोक्याचा आकडा, फोनवर सांगितली की लिहून घेऊन परत कोण वाचून दाखवतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. आजवर कुणी विचारलेलं नाही.

निवृत्त_मेट्रन:
सही घेते ते उत्तमच. पण ती टोकते कशी, तेही बघ गं. नातेवाइकांसमोर बोलत असेल तर बाकीच्या पोरी अगदीच खोटं लिहीत नाहीत.

आयसीयू_इन्चार्ज_इंदूर:
मेट्रनबाई, बरोबर पकडलंत. परवा चार नंबर बेडच्या पेशंटच्या मुलासमोर तिनं नव्या पोरीला झापलं, मी पडद्याआडून ऐकलं आणि गप्प बसले. उद्या नाइट संपली की तिला पोहे खायला नेते, तिथंच बोलेन.

सोमवारी रुजू होतानाचा मुद्दा धरते; आमच्यात एकीलाही हा फॉर्म तेव्हा दाखवलेला नव्हता. डॉक्टरांसाठी असा फॉर्म का नाही, हेही विचारणार होते. पण पगारवाढ माझीही अडकलीय.