रोटरी इंजिनात इथेनॉल: अपेक्स सीलच्या वंगणाचे काय?

शिरपूरकर:
महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी आम्हांला एकाच रोटरचे छोटे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारे) मिळाले असून ते पेट्रोलवर नीट चालते. आपल्याकडे ऊस आणि मका दोन्ही पिकतात, म्हणून ते निव्वळ इथेनॉलवर चालवून पाहण्याचा आमचा विचार आहे. कार्बोरेटरचा जेट (इंधन सोडणारे बारीक छिद्र) मोठा केला की भागते, असे काही जण सांगतात. पण रोटरच्या टोकांवरील अपेक्स सील (भिंतीला घासत वायू अडवणाऱ्या पट्ट्या) इथेनॉलमुळे लवकर झिजतील का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तापीकाठ:
जेटचे गणित सोपे आहे. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला मात्र ९ किलोच. त्यामुळे तेवढ्याच हवेत आकारमानाने साधारण दीडपट इंधन जायला हवे, म्हणजे जेटच्या छिद्राचा व्यास जवळपास सव्वापट.

सीलबद्दलची आपली शंका मात्र अगदी रास्त आहे. पिस्टन इंजिनात मिश्रण ज्या सिलिंडरमध्ये येते तिथेच जळते. रोटरीत मिश्रण घेण्याची बाजू वेगळी आणि जळण्याची वेगळी, त्यामुळे घेण्याच्या बाजूची भिंत सतत थंड राहते. त्यातच इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि ती न मिळाल्यास इंधनाचे थेंब भिंतीवर बसून तेलाचा पातळ थर धुऊन नेतात. मॅझ्दाच्या रोटरी गाड्यांत सीलसाठी मोजून तेल सोडणारा स्वतंत्र पंप असतो. आपण इंधनातच तेल मिसळत असाल, तर नेहमीचे टू-स्ट्रोक ऑइल अल्कोहोलमध्ये विरघळेलच असे नाही. काचेच्या बरणीत मिश्रण रात्रभर ठेवावे; सकाळी थर वेगळा दिसला, तर ते ऑइल इंजिनात घालू नये. एरंडेल अल्कोहोलमध्ये छान मिसळते, आणि मेथेनॉलवर चालणाऱ्या मॉडेल विमानांच्या इंधनात ते पूर्वापार वापरले जाते. जपानच्या ओ.एस. कंपनीचे जेमतेम ५ घनसेंमीचे वँकेल (म्हणजे रोटरीच) इंजिनही मेथेनॉलच्याच इंधनावर चालत असे. एरंडेलाचा चिकट थर मात्र रोटरवरील सीलच्या खाचेत साचून सील अडकू शकते, म्हणून ठरावीक काळाने रोटर उघडून खाचा साफ करणे भाग आहे.

भुसावळकर:
तापीकाठ यांच्याशी मी सहमत आहे, पण फायद्याची बाजूही सांगायला हवी. नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप भडकण्याच्या) धक्क्याने अपेक्स सील तुटते, हे रोटरीचे जुने दुखणे आहे, आणि अल्कोहोल नॉकिंगला पेट्रोलपेक्षा बरेच चांगले तोंड देते. अडचण थंडीत येईल: सुमारे १३ अंशांखाली इथेनॉलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघत नाही, आणि पौषातल्या पहाटे आपल्याकडे पारा त्याहून खाली जातो. इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर इथेनॉलवर न्यावे, आणि बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालवावे, म्हणजे अल्कोहोलने ओढलेला ओलावा आत राहून गंज चढणार नाही. इंधनाच्या रबरी नळ्याही आधीच बदलून घ्याव्यात.

शिरपूरकर:
दोघांचेही मनापासून आभार. बरणीची चाचणी आधी करू. निव्वळ इथेनॉल कोठून घ्यावे?

तापीकाठ:
पंपावरच्या ई-२० मध्ये इथेनॉल २० टक्केच असते. निव्वळ इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते; अर्ज महाविद्यालयाच्या नावाने, विभागप्रमुखांमार्फत करावा.