बॉल पायथनला दर रविवारी उंदीर कशासाठी?

शिशिरऋतू:
शिकागोजवळ राहतो, इथे बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, रीतसर पाळता येतो. आमची मादी सहा वर्षांची. आणली तेव्हा ७० ग्रॅमची होती, मुलीच्या मनगटाला वेटोळं घालून बसायची. दर रविवारी न चुकता उंदीर द्यायचो, वजन वहीत लिहायचो, आकडा चढला की बरं वाटायचं. गेल्या वर्षी २,३०० ग्रॅम भरली. पशुवैद्य बाईंनी तिला टेबलावर ठेवून दाखवलं: पोटात काही नसतानाही खवल्यांच्या मधली कातडी दिसत होती, वळली की शेपटीजवळ घड्या पडत होत्या. निरोगी सापाचा कणा बोटाला किंचित लागतो, हिचा लागतच नव्हता. "ही वाढ नव्हे, चरबी आहे," म्हणाल्या. रात्री वही काढून बसलो तेव्हा फार वाईट वाटलं.

ही जात पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिनकडची. बिळात दबून राहायचं, मिळेल तेव्हा खायचं, नाहीतर पडून राहायचं. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण वाढलेल्या सापाला तीन-चार आठवड्यांनी एक बेताचा उंदीर पुरतो. त्यापुढचं सगळं आपण आपल्या समाधानासाठी घालतो.

रानजाई:
मुद्दा पटला, शीर्षकाला मात्र विरोध. हे वाचून कुणीतरी तीन महिन्यांच्या पिल्लाला उपाशी ठेवेल! पिल्लाच्या अंगात साठा नसतो. पहिल्या वर्षी पाच ते सात दिवसांनी, त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचं भक्ष्य हवंच.

आमच्या पिल्लाने आणल्यापासून पाच आठवडे कशाला तोंड लावलं नाही. दोष आमचा होता. काचेची मोठी टाकी, लपायला एकच जागा, तीही अर्धी उघडी. मग दोन अंधारे खोके ठेवले, एक उबदार बाजूला ३२ अंशांवर, दुसरा गार बाजूला २६ वर. टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावलं. फ्रीजरमधला उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवला, चांगला ऊबदार झाल्यावर चिमट्याने पुढे धरला. ओठांवरच्या खळग्यांना ऊब कळते, गार उंदराकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. आठव्या दिवशी झडप घातली. मी रडले त्या दिवशी.

कोकणकडा:
ओहायोत बारा वर्षं या सापांची पैदास करतो. 'आपल्या समाधानासाठी' हे मला लागलं. अंड्यावर आलेली मादी कित्येकदा महिनोन्महिने खात नाही. मग चार ते दहा अंडी घालते आणि काढून घेतली नाहीत तर जवळपास दोन महिने त्यांना वेटोळं घालून बसते. उठते तेव्हा कणा वर आलेला, कातडी लोंबलेली. हा साठा कुठून यायचा? म्हणून १,५०० ग्रॅमच्या आत मी मादीला नराजवळ सोडत नाही, आणि त्यासाठी आठ-दहा दिवसांनी खायला घालतो.

शिशिरऋतू:
अंड्यावर येणाऱ्या मादीचा हिशेब वेगळा, मान्य. पण आमची कधीच नराजवळ जाणार नाही, तिने हा साठा कशासाठी वाहायचा? आणि दोन वर्षांच्या आत १,५०० गाठायला दर पाच दिवसांनी उंदीर कोंबणारे तुमच्याच धंद्यात आहेत ना?

कोकणकडा:
आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. वजन आलं म्हणजे वय आलं असं नव्हे. मी तिसरा हिवाळा संपेपर्यंत थांबतो.

तांबडीमाती:
पुण्यातून लिहिते. आपला अजगर पाळणं गुन्हा आहे, आणि या परदेशी जातीची आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. माझा विरोध मुळात पाळण्यालाच आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या बॉल पायथनच्या मादीने २०२० मध्ये ७ अंडी घातली, तीही कित्येक वर्षं जवळ नर नसताना. साठीच्या पुढची होती! तुमची मुलगी कॉलेजला गेल्यावर हिला कोण बघणार, हे ठरलंय का?

शिशिरऋतू:
मुलीशी बोललो. ती गेली तरी साप माझ्याकडेच राहणार. रानजाई, संपादकांना शीर्षकात 'मोठ्या' हा शब्द घालायला सांगितलाय. मादी आता २,०४० वर आली आहे. काल तिला उचललं तेव्हा कणा बोटाला लागला.