मदत हवी आहे: किनाऱ्याकिनाऱ्याने १८ किमी, एका दिवसात. वेळ कशी बसवावी?

पांथस्थ
किनाऱ्यालगत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायचा बेत आहे. आम्ही चौघे, त्यातल्या एकांचं वय ६२ आणि उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. चढ जवळजवळ नाहीच. नकाशावरून टप्पे असे दिसतात: ५ किमी मातीची पायवाट, मग ७ किमी पुळण (वाळूचा किनारा), तिच्या शेवटी एका ओढ्याचं मुख, पुढे कड्याखालून ३ किमी खडक आणि शेवटी ३ किमी पायवाट.

दोन शनिवार मोकळे आहेत. पहिला पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी येतो: ओहोटी ११:४० (०.४ मी), भरती १७:५० (४.० मी). दुसऱ्या शनिवारी ओहोटी पहाटे ५:१० (१.५ मी), भरती ११:२० (२.९ मी). दुसऱ्या शनिवारी पाणी कमी चढतं म्हणून तोच बरा वाटतोय. ताशी ५ किमी धरले तर चार तासांत होईल ना? बूट, पाणी, निघायची वेळ यावर जाणकारांनी सांगावं.

सुकती
दुसरा शनिवार सोडून द्या. भांगाचं, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांतलं पाणी कमी चढतं हे खरं, पण ते कमी उतरतंही. १.५ मीटरला कड्याखालचे खडक उघडे पडतील याची खात्री नाही, आणि तुम्ही तिथे पोचाल तेव्हा नेमकी भरती असेल. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका आठवड्यात चक्र जवळजवळ उलटतं. या शनिवारी ज्या वेळी ओहोटी, पुढच्या शनिवारी त्या वेळी भरती.

पहिल्या शनिवारी उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी आहे. पाणी खूप मागे जाईल, पण परततानाही जोरात येईल. साधा हिशेब बाराव्या भागांचा: ओहोटी ते भरती जेवढं पाणी चढतं त्याचे बारा भाग करा. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं. तुमचा फरक ३.६ मी, म्हणजे एक भाग ०.३ मी. पहिल्या तासात ३० सेंमी, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ९०. म्हणून पहिल्या तासातला शांतपणा पाहून खडकांवर डबे उघडून बसायचं नाही. हा अंदाज दिवसातून दोनदा नियमित भरती येते तिथेच लागू. खाडीच्या तोंडाशी किंवा चिंचोळ्या आखातात गणित बिघडतं.

भरती-ओहोटीच्या वेळांचं तुमचं कोष्टक कुठल्या बंदराचं आहे तेही बघा. तुमची जागा त्या बंदरापासून लांब असेल तर वेळेत आणि उंचीत दुरुस्ती लागते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंमी वर राहतं, समुद्राकडून जोराचा वारा असेल तर आणखी.

खेकडा
ताशी ५ किमी ही पक्क्या वाटेवरची चाल, तीही न थांबता. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या दोन ते अडीच पट ऊर्जा लागते. सपाट वाट फसवते ती इथेच.

माझा हिशेब: पायवाट ताशी ४.५ किमीने, ५ किमीला १ तास ७ मि. ओली, घट्ट वाळू ताशी ४ ने, ७ किमीला पावणेदोन तास. खडक ताशी २ ने, दीड तास. शेवटची पायवाट ४० मि. नुसती चाल पाच तास. तासाला सातआठ मिनिटं थांबा आणि अर्धा तास जेवण धरलं तर सव्वासहा. वर एक तास राखीव.

आता उलट मोजा. ओढ्यापाशी १०:४० ला, म्हणजे ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं. तिथपर्यंत विश्रांतीसह ३ तास २० मि. म्हणून निघायचं ७:२० ला. खडक साडेबाराच्या सुमारास संपतात, जेवण त्यानंतर. तोवर पाणी अजून पाऊण तासाचंच चढलेलं असतं.

पांथस्थ
हे फारच उपयोगी. दोन शंका. ओढ्यापाशी उशीर झाला तर? आणि उलट दिशेने गेलो, तर सकाळी जरा उशिरा निघता येईल का?

खेकडा
ओढ्यापाशी ११:४० नंतर पोचलात तर खडकांत शिरू नका. दीड तासाची वाट म्हणजे बाहेर पडताना पाणी तिसऱ्या तासाच्या उंबरठ्यावर असेल, आणि कड्याखाली वर चढायला जागा नसते. मागे फिरा किंवा कड्यावरून रस्ता असेल तर तो घ्या. नकाशात ही पळवाट आजच शोधून ठेवा. तिथे उभं राहून शोधण्यात अर्धा तास जातो.

उलट दिशेने खडक वेळेत होतील, पण सात किमी पुळण चढत्या भरतीत पडेल. घट्ट ओला पट्टा पाण्याखाली जातो आणि भर दुपारी मऊ वाळू तुडवावी लागते. गुडघ्याचं बघता नकोच.

सुकती
ओढ्याबद्दल: अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान. पसरट, बारीक लहरी उठणारी जागा उथळ असते. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर थांबा. उतरताना पाठपिशवीच्या कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, घसरलात तर ती लगेच टाकता आली पाहिजे. अनवाणी नको, शिंपल्यांच्या कडा पाय कापतात. चकचकीत, पाय टाकताच थरथरणारा चिखल दिसला तर काठीने चाचपून लांबून जा.

वाळूतली_पावलं
गुडघ्याबद्दल कोणी बोललं नाही. पुळण समुद्राकडे कललेली असते. समुद्र सतत एकाच बाजूला राहिला की त्या बाजूचा पाय तासन् तास खाली पडतो आणि कंबर-गुडघा दुखू लागतो. ओहोटीला पाण्याजवळचा भाग बऱ्याचदा जास्त सपाट आणि घट्ट असतो, तिथून चला. दोन काठ्या घ्या, टोकाला रुंद चकत्या लावून, नाहीतर रुततात.

बूट घोट्यापर्यंतचे जड नकोत. हलके, पण वरचं कापड घट्ट विणीचं. जाळीतून बारीक वाळू आत जाते आणि ओल्या मोज्याला चिकटून फोड आणते. घोट्यावर वाळू अडवणारे कापडी पट्टे मिळतात, ते घ्या. मोजे लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे, सुती नको. टाचांना चिकटपट्टी निघण्यापूर्वीच लावा, फोड आल्यावर ती टिकत नाही. ओढ्यानंतर पाय पुसून कोरडे मोजे घालायला दहा मिनिटं खर्च करा, खेकड्याच्या हिशेबातल्या राखीव तासातून.

खेकडा
जड बूट नकोत हे वाळूपुरतं मान्य. शेवाळलेल्या खडकांवर मात्र खोल खाचांचा तळ हवा. काळे, ओले, गुळगुळीत दिसणारे दगड टाळा, खरखरीत शंखशिंपल्यांचा थर असलेले बरे. आणि खडकांत शिरण्यापूर्वी दहा मिनिटं लाटा बघत उभे राहा. मोठ्या लाटा अधूनमधून येतात, पहिल्या दोन मिनिटांत दिसतीलच असं नाही. लाटांमधलं अंतर १२ सेकंदांहून जास्त असा अंदाज असेल तर पाणी अपेक्षेपेक्षा बरंच वर चढतं, त्या दिवशी खडक रद्द.

सुकती
पाणी: ताशी अर्धा लिटर धरून माणशी साडेतीन लिटर, उकाडा असेल तर साडेचार. त्यातल्या एका लिटरमध्ये क्षार-साखरेची पुडी. नुसतं पाणी पीत राहून घाम गाळला तर डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. किनाऱ्यावर वारा घाम लगेच वाळवतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही.

कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परतवते, समुद्राचा फेस २५ टक्के. टोपी असूनही हनुवटीखाली आणि कानांमागे भाजतं. उन्हापासून वाचवणारं मलम दर दोन तासांनी, ओढ्यानंतर पुन्हा.

पांथस्थ
ठरलं, पहिला शनिवार, ७:२०. परतीची बस १५:१० ला आहे, पुढची १७:३० ला. पहिली गाठता येईल?

खेकडा
सगळं वेळेवर झालं तर १३:४५ ला, राखीव तास संपला तरी १४:४५ ला पोचता. गाठेल. पण बरोबरच्यांना १७:३० चीच सांगा, नाहीतर खडकांवर कोणीतरी घड्याळ बघून पळायला लागेल.