झेडएक्स स्पेक्ट्रम माळ्यावरून काढताय? दुरुस्तीचे अनुभव इथे लिहा

ताम्रपट्टी:
आज २३ एप्रिल. १९८२ साली याच दिवशी लंडनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर जाहीर झाला, म्हणून धागा. १६ के (म्हणजे १६ किलोबाइट मेमरी) १२५ पौंडांना, ४८ के १७५ला. रिचर्ड अल्टवॉसरचं हार्डवेअर, स्टीव्ह विकर्सचं बेसिक (त्यातली प्रोग्रॅमिंगची भाषा). किंमत उतरवायला जिथे हात आखडला, नेमकं तिथेच आज बिघडतं. कळकळीने सांगतो, लगेच वीज देऊ नका. आधी अ‍ॅडॉप्टर बघा: ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर, मधली पिन ऋण. हल्लीच्या बहुतेकांची मधली धन असते.

रबरीबटण:
खालचे पाच स्क्रू काढल्यावर झाकण झटक्याने उचलू नका!! कीबोर्डच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. इतक्या वर्षांत प्लॅस्टिक कडक होतं, वाकलं की तडकतं आणि एका रेघेवरची सगळी बटणं मुकी. नवीन मेम्ब्रेन (बटणांखालचा प्लॅस्टिकचा पडदा, पट्ट्या त्याच्याच) मिळतं, तेच घाला.

पिन_नंबर_एक:
खालच्या १६ के मेमरीच्या आठ ४११६ चिपा आधी तपासा. मल्टिमीटर: पिन १ वर -५ व्होल्ट, ८ वर +१२, ९ वर +५, १६ ग्राउंड. -५ गेलं आणि +१२ राहिलं की चिप शिजते. मूळ बहुतेकदा टीआर४ हा ट्रान्झिस्टर. मशीन चालू असताना मागे इंटरफेस (बाहेरचं जोडउपकरण) खोचला की हा ट्रान्झिस्टर उडतो. त्या जागी झेडटीएक्स६५० बसवा, शेजारचा टीआर५ही बदला. व्होल्टेज तिन्ही नीट आल्याशिवाय नवी चिप लावू नका, तीही जाईल. कुकर झाला, येते.

रिकामी_कॅसेट:
+१
कॅसेटवरून खेळ भरणाऱ्या टेपवाल्यांसाठी: 'लोड' हुकमासाठी जे बटण, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी. बॉर्डरवर लाल-आकाशी जाड पट्टे आले की सुरुवातीची शिट्टी मिळाली, निळे-पिवळे बारीक म्हणजे डेटा. 'टेप लोडिंग एरर' येत राहिली तर आधी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा. मग हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव-पाव फिरवत आवाज सगळ्यात तीक्ष्ण होईल तिथे थांबा. सेव्ह करताना 'इअर' सॉकेटची वायर काढून ठेवा.

मधलीसुट्टी:
खेळातल्या माणसाचा रंग भिंतीला का लागतो हो? चिप खराब?

पिन_नंबर_एक:
@मधलीसुट्टी नाही, चिप ठणठणीत आहे. चित्र २५६×१९२, त्याला ६१४४ बाइट. रंगाला फक्त ७६८, म्हणजे ८×८च्या चौकोनाला एक. एका चौकोनात दोनच रंग मावतात. मेमरी वाचवली, मला तर हे फार सुंदर वाटतं.

मधलीसुट्टी:
ओह! धन्यवाद ताई. आपल्याकडे मिळायचा का हा?

ताम्रपट्टी:
हो, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६मध्ये परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम+' काढला.

रबरीबटण:
७८०५ (व्होल्टेज रेग्युलेटर) राहिला. ९ व्होल्टचे ५ करताना उरलेलं सगळं उष्णतेत जातं, म्हणून उजवी बाजू भाजते. हीटसिंकचा स्क्रू आवळा, जुनी पेस्ट खरवडून नवी लावा. नाहीतर सरळ स्विचिंग रेग्युलेटर, त्याच तीन भोकांत बसतो.

रिकामी_कॅसेट:
स्पिरिट संपलंय, मेडिकलवाल्याकडचं चालेल ना?

रबरीबटण:
आयसोप्रोपिल माग. सुगंधी सॅनिटायझर नको, चिकट थर राहतो.