सगळ्यात हुशार माणसानेही सगळं स्वतः का करू नये?

हिशेबी (धागाकर्ता)

"देशाने लागेल ते सगळं घरातच बनवावं, बाहेरून घेणं म्हणजे पैसा घालवणं." हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी धागा काढायला बसलो. माझ्या मते ही समजूत साफ चूक आहे, आणि ती का चूक हे शाळकरी बेरीज-वजाबाकीने दाखवता येतं.

आधी टाचणी. अ‍ॅडम स्मिथ या अर्थतज्ज्ञाने १७७६ साली आपल्या ग्रंथात टाचण्यांच्या एका छोट्या कारखान्याचं वर्णन केलं. एक जण तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो, पाचवा डोकं बसावं म्हणून दुसरं टोक घासतो. अशी साधारण १८ कामं. १० माणसं मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या करत. हाच धंदा न शिकलेल्या एकट्या माणसाने सगळं करायचं म्हटलं तर दिवसाला २० सुद्धा होणार नाहीत, असं तो म्हणतो. हात बसतो, एक अवजार ठेवून दुसरं उचलण्यातला वेळ वाचतो, आणि एकच काम रोज करणाऱ्यालाच त्यासाठी यंत्र सुचतं.

इथवर सगळे माना डोलावतात. अडतं ते पुढे. समोरचा प्रत्येक कामात माझ्यापेक्षा सरस असेल तर? मग त्याने माझ्याशी देवघेव का करावी?

याचं उत्तर डेव्हिड रिकार्डो या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने १८१७ साली आकड्यांत दिलं. ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये १०० माणसांची वर्षभराची मेहनत लागते, ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९० आणि वाइनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत पुढे. दोघांनी दोन्ही वस्तू घरी केल्या तर इंग्लंडचे २२० आणि पोर्तुगालचे १७० खर्ची पडतात, एकूण ३९०. आता इंग्लंडने दोघांचं कापड करावं (२००) आणि पोर्तुगालने दोघांची वाइन (१६०). एकूण ३६०. माल तेवढाच आणि ३० माणसांचं वर्ष मोकळं. एकास एक अदलाबदल धरली तर त्यातले २० इंग्लंडला मिळतात, १० पोर्तुगालला.

कारण सरळ आहे. पोर्तुगालने कापडात घातलेला प्रत्येक माणूस वाइनमधून उचललेला असतो. कोण सरस हे इथे बघायचंच नाही. एक गोष्ट करताना दुसरी किती सोडावी लागते ते बघायचं. यालाच संधीखर्च म्हणतात, आणि तो ज्याचा कमी त्याला तुलनात्मक लाभ.

स्टानिस्लाव उलाम या गणितज्ञाने अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसनला छेडलं होतं, की तुमच्या समाजशास्त्रांतलं एक तरी विधान सांग जे खरंही आहे आणि उघड्या डोळ्यांना दिसण्याइतकं सोपंही नाही. सॅम्युएलसनला उत्तर सुचायला काही वर्षं लागली. ते हेच होतं.

असहमत असणाऱ्यांनी आकड्यांत चूक दाखवावी.

शंकासुर

आकड्यांत चूक नाही. चूक चित्राच्या चौकटीत आहे. तुमचं गणित एका वर्षाचा फोटो आहे.

कापड करणाऱ्याला पुढे यंत्र लागतं, यंत्राला लोखंड, लोखंडाला कोळसा, आणि प्रत्येक पायरीवर नवे कारागीर तयार होतात. वाइन करणाऱ्याकडे शंभर वर्षांनीही द्राक्षाचे मळेच. रिकार्डोच्या उदाहरणातल्या पोर्तुगालने त्या वर्षी १० माणसं वाचवली आणि कारखानदारी शिकायची संधी घालवली. प्रत्यक्षातही १७०३ च्या मेथुएन तहाने इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालमध्ये आलं, बदल्यात पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये सवलत मिळाली. पुढे कोण कुठे पोचलं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं म्हणजे, भांडवल सहसा आपला देश सोडून जात नाही, हे रिकार्डोने स्वतः गृहीत धरलं होतं. आज ते एका दुपारीत जातं. खांबच हलला तर छप्पर कसं राहील?

(अवांतर: रिकार्डोचं घराणं मूळचं पोर्तुगीज ज्यूंचं, आणि तो स्वतः शेअर दलाल. उदाहरणाला पोर्तुगाल का सापडला असेल याची मला नेहमी गंमत वाटते.)

हिशेबी

मेथुएन तह मुक्त व्यापाराच्या खात्यावर टाकू नका. पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवायचा, असा तो करार होता. फ्रान्सला शह देण्यासाठी. हे राजकारण झालं. भांडवलाचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर विचार करून लिहितो.

काज-बटण

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. शिलाईच्या कारखान्यात साडेचार वर्षं काढली आहेत, तेवढ्यावर लिहिते.

माझं काम कफ जोडायचं. फक्त कफ. कापलेल्या बाह्यांचा गठ्ठा चिंधीने बांधून डाव्या हाताला येई. वर चिठ्ठी: साइज, नंबर, नग. बाही मशीनच्या पायाखाली सरकवायची, चुणी बोटाने दाबायची, कफाची कड तिच्यावर बसवायची, टीप मारायची, दोरा तोडायचा, उजवीकडे टाकायची. पहिल्या महिन्यात गठ्ठे साचायचे आणि पुढची बाई माझ्याकडे बघत बसायची. सहा महिन्यांनी मी न बघता शिवत होते. हिशेबी म्हणतात तसा हात बसतो, शंभर टक्के खरं.

पण तिथून निघाल्यावर एका टेलरकडे काम मागायला गेले. त्याने कापड पुढे टाकलं आणि म्हणाला, शर्ट बेता. मला गळा कापता येईना. साडेचार वर्षांत किती हजार शर्टांना माझा हात लागला असेल, पण एक शर्ट मला येत नव्हता.

टाचणीची गोष्ट सगळे सांगतात. त्याच स्मिथने त्याच ग्रंथात पुढे लिहिलंय, की दोन-चार सोप्या क्रियांत ज्याचा जन्म जातो त्याला डोकं चालवायची वेळच येत नाही आणि तो माणूस होऊ शकेल तितका मठ्ठ होतो. म्हणून अशांच्या शिक्षणाकडे सरकारने बघावं. माझ्या मुलीने वाचून दाखवलं तेव्हा राग आला, मग वाटलं की बरोबरच बोलतोय.

रिकामटेकडा

कफवाली मोठी की कॉलरवाली?

काज-बटण

कॉलरवाली. तिला मजुरी जास्त. कॉलरचं टोक वाकडं झालं की अख्खा शर्ट बाद.

तिरपा कोन

आणि नेमका हाच मुद्दा चार्ल्स बॅबेजने १८३२ साली मांडला. हो, गणकयंत्रवालाच. तो म्हणाला, स्मिथने वेगाची कारणं सांगितली पण मालकाच्या खिशाचं कारण राहूनच गेलं. एकच माणूस सगळं करणार असेल तर त्याला सगळ्यात अवघड कामाची मजुरी द्यावी लागते, सोपं काम करत असतानाही. काम तोडलं की प्रत्येक तुकड्याला लागेल तेवढंच कसब विकत घेता येतं. कॉलरला कॉलरचे पैसे, कफाला कफाचे. उत्पादन वाढतं हे खरंच, पण त्याच सुरीने कारागिराची घासाघीस करायची ताकदही कापली जाते.

फोर्डचं बघा. १९१३ साली सरकती लाइन आली. गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत होते, पुढच्या वर्षी ९३ मिनिटं. आणि त्याच १९१३ मध्ये जेमतेम १४,००० माणसं कामावर टिकवायला वर्षभरात ५०,००० हून जास्त भरती करावी लागली. लोक यायचे, त्या पट्ट्यासमोर उभे राहायचे आणि निघून जायचे. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर झाले, ते दानधर्म म्हणून नव्हेत. (त्यातला मोठा भाग नफ्याचा वाटा म्हणून होता, आणि तो मिळायला वागणूक चांगली लागे. ती तपासायला कंपनीची माणसं घरी यायची!)

हिशेबी

पण तिरपा कोन, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय. ५ डॉलर देणं परवडलं ते ९३ मिनिटांमुळे. साडेबारा तासांच्या जमान्यात कोणत्याही मालकाला, इच्छा असती तरी, ते देता आलं नसतं.

तिरपा कोन

परवडणं आणि देणं यांच्या मधे ते निघून गेलेले हजारो लोक उभे आहेत. ते गेले नसते तर?

वाकडी वाट

शंकासुरांच्या 'फोटो'ला माझं +१. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला निर्यात काय, तर टंगस्टन, मासळी, कच्चं रेशीम. तुलनात्मक लाभ मानायचा तर त्यांनी आजही मासेच विकायला हवे होते. पोलाद कारखान्याला जागतिक बँकेने 'परवडणार नाही' म्हणून हात आखडता घेतला. त्यांनी जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून तो उभा केला. १९६८ ला पोस्को स्थापन झाली, १९७३ ला पोहांगमध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे तीच जगातल्या बड्या पोलाद कंपन्यांत गणली गेली. लाभ जन्माला घालता येतो हो.

हिशेबी

येतो, मान्य. पण कोरियाने 'सगळं घरात' केलं नाही. सरकारने कर्ज आणि संरक्षण दिलं ते निर्यातीचं लक्ष्य गाठायच्या अटीवर, म्हणजे परीक्षा बाहेरच्या बाजारातच. दारं लावून पिढ्यान्‌पिढ्या उद्योग पोसणारे देशही होते. त्यांचे कारखाने कायम बाळच राहिले. फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८४१ साली बाल्यावस्थेतल्या उद्योगांना जपा म्हटलं, तेव्हा ते संरक्षण तात्पुरतंच असावं असंही म्हटलं होतं.

शंकासुर

बरं, शिकायचा मुद्दा सोडतो. धोक्याचं काय? श्रमविभागणी टोकाला नेली की एकेक काम एकेकाच हाती उरतं. सगळ्यात बारीक चिप कोरणारी यंत्रं जगात एकच कंपनी करते, नेदरलँड्समधली एएसएमएल. त्यातले आरसे जर्मनीच्या झाइस कंपनीचे. त्या यंत्रावरच्या चिप बहुतांशी तैवानमध्ये बनतात. २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून गाड्यांचे कारखाने बंद ठेवायची पाळी आली. त्याच वर्षी मार्चमध्ये सुएझ कालव्यात एक जहाज आडवं अडकलं आणि सहा दिवस सगळं ठप्प. तुमच्या ३६० मध्ये या विम्याचा हप्ता कुठे धरलाय?

हिशेबी

नाही धरलेला. तिथे मी हरलो. फक्त एवढंच की ते यंत्र कोणत्याही एका देशाने एकट्याने करायचं ठरवलं असतं तर तुटवडा पडायला चिपच नसती.

चालता बोलता

दोन्हीकडचे आवाज चढलेत म्हणून एक आकडा. जपान दोनशेहून जास्त वर्षं जवळजवळ बंद होता, १८५९ पासून बंदरं खुली झाली. रेशीम आणि चहा बाहेर जाऊ लागला. अर्थतज्ज्ञांना इतका स्वच्छ प्रयोग क्वचित मिळतो. बर्नहोफेन आणि ब्राउन यांनी हिशेब मांडला: व्यापारातून झालेला लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या फार तर ८ ते ९ टक्के. हिशेबी यांना वाटतं तेवढी जादू नाही, आणि शंकासुरांना वाटतो तसा गंडाही नाही. (त्यात नवं तंत्र शिकण्याचा फायदा धरलेला नाही, हे दोघांनीही लक्षात घ्या.)

वाटणीचा आकडाही ऐका. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला. १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे अमेरिकेत २० लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या असा अंदाज आहे. त्या सगळीकडून थोड्या-थोड्या गेल्या नाहीत, ठरावीक गावांतून घाऊक गेल्या, आणि तिथली माणसं पुस्तकात लिहिलंय तशी उठून दुसऱ्या कामाला लागली नाहीत. अशांसाठी अमेरिकेत १९६२ पासून मदत योजना होती. २०२२ मध्ये तिची मुदत संपली, संसदेने वाढवली नाही.

हिशेबी

बेरीज मोठी झाली म्हणजे वाटणी आपोआप होते असं मी कुठेच लिहिलेलं नाही. पण मूळ लेखात वाटणीवर एक ओळही नाही हेही खरं. ३० माणसं 'मोकळी' झाली असं लिहून मी पुढे गेलो.

काज-बटण

त्या ३० मधली मी. आमची लाइन जिथे मजुरी कमी तिकडे हलली. आम्हाला कॉम्प्युटर टायपिंगचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं. कॉलरवालीला त्यातून काम लागलं, मला नाही. दोन वर्षं घरी होते.

मग बेतायला शिकले. आता पूर्ण शर्ट येतो. एकाला दीड दिवस जातो. घरच्यांसाठी मी रेडीमेडच आणते, हे हिशेबी यांच्या खात्यात लिहा.

रिकामटेकडा

आणल्यावर आधी कफ बघत असाल.

काज-बटण

कॉलर.