आधी शुल्काला मर्यादा, मग बंदी

कार्डाने पैसे दिले की दुकानदार बिलावर जी जादा रक्कम लावतो, तो अधिभार. 'अधिभारावर बंदी आली की ग्राहकाचे पैसे वाचले' हे गणित अर्धंच आहे. कार्डाच्या व्यवहारावरचं बँकेचं शुल्क दुकानदाराला भरावंच लागतं. ते वेगळं लावता आलं नाही तर तो किमतीत मिसळतो, आणि मग रोख देणाऱ्याच्या खिशातूनही ते जातं. युरोपीय संघाने क्रम बरोबर लावला: २०१५ मध्ये इंटरचेंजवर (दुकानदाराची बँक कार्ड देणाऱ्या बँकेला देते तो वाटा) मर्यादा घातली, ग्राहकांच्या डेबिट कार्डांना ०.२ टक्के, क्रेडिटला ०.३. त्या कार्डांवरचा अधिभार बंद झाला तो जानेवारी २०१८ पासून. कंपन्यांच्या नावावरची कार्डं मात्र या मर्यादेबाहेर आहेत.

दुसरा मुद्दा व्याख्येचा, आणि बंदी फसते ती इथेच. नियमात नुसतं 'अधिभार' लिहिलं की बिलावर 'सुविधा शुल्क' किंवा 'हाताळणी खर्च' उगवतो. त्यामुळे नाव न बघता परिणाम बघावा: बाकी सगळं तेच ठेवून फक्त पैसे देण्याचा पर्याय बदलला आणि शेवटची रक्कम वाढली, तर तो अधिभारच. 'रोखीवर सवलत' यात धरायची की नाही, हेही नियमात स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर छापील किंमत वाढवून तीच वसुली चालू राहते.