मदत हवी आहे: म्हैसमाळच्या चढाला गिअर पुरत नाही

पायडल२२
रविवारी ग्रुपबरोबर म्हैसमाळला जायचंय. मागच्या वेळी दौलताबादचा घाट कसाबसा काढला, पण खुलताबादच्या पुढे म्हैसमाळचा चढ लागला आणि पायच अडकला. सगळ्यात हलका गिअर होता, तरी पायडल फिरेना. ढकलत नेली. याहून हलका गिअर बसतो का? दुकानदार म्हणतो नवीन सायकल घ्या. लवकर सांगा.

घाटरस्ता
सायकल कोणती? पुढच्या-मागच्या चकत्यांना दात किती?

पायडल२२
रोडची आहे, १६ गिअरची.

घाटरस्ता
भाऊ, त्यावरून पुढे २ आणि मागे ८ चकत्या एवढंच कळलं. एका दाताला नेलपॉलिश लाव आणि तिथून मोज.

लातूरचा_माणूस
गिअर बदलून काय करूलालास? पायात ताकद आण. बिनगिअरच्या सायकलवर मी उभा राहून चढ मारलेत.

निशिगंध
दादा, असं नका सांगू. जड गिअर रेटून माझा गुडघा गेला, चार महिने सायकल बंद होती. आता माझ्या एमटीबीला (डोंगरी सायकल) सगळ्यात हलक्या गिअरला पुढे २४, मागे ३४ दात आहेत. पायडलचा अख्खा फेरा मारला तरी चाक पाऊण फेरासुद्धा फिरत नाही.

लातूरचा_माणूस
मग पोचणार कधी? ग्रुप वर जाऊन चहा पिऊन परत निघंल.

निशिगंध
उशिरा पोचते, पण सीटवर बसून पोचते.

जुना_स्वार
टायर २५ मिमी रुंदीचे असतील तर २८ चे टाका, आणि ट्यूब दोन ठेवा. येताना दौलताबादला पेरू घ्या, तिथल्या पेरूला तोड नाही.

पायडल२२
काका, पंक्चरचं विचारलंच नाही हो. दात मोजले: पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते २८. पुढे ३० दातांची चकती (चेनरिंग) टाकू का?

घाटरस्ता
नाही बसणार. या क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) बोल्टांचं वर्तुळ बहुतेक ११० मिमीचं असतं, त्यावर ३३ दातांच्या खाली जाताच येत नाही. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदल. ८ स्पीडमध्ये ११-३४ मिळते. आत्ता पायडलच्या एका फेऱ्याला चाक १.२१ फेरे फिरतं, मग बरोबर एक फिरेल. मिनिटाला ६० फेरे मारलेस तर ताशी ९ ऐवजी साडेसात किमीने चढशील. पण आधी मागच्या डिरेलरच्या (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) दोन छोट्या चाकांमधलं अंतर सांग.

पायडल२२
पट्टी लावली, साडेपाच सेंमी.

घाटरस्ता
मग शॉर्ट केज आहे, म्हणजे डिरेलरचा सांगाडा आखूड. ३४ साठी लाँग केज लागेल, साखळीही लांब लागेल. साखळी जुनीच ठेवलीस आणि चुकून पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी असा गिअर पडला, तर डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला अडकवणारी पट्टी) मोडेल. रविवारच्या घाईत हे करू नको.

पायडल२२
मग रविवारचं काय?

निशिगंध
माझी एमटीबी घेऊन जा, मी सिडकोत राहते. उंची किती तुझी?